जुन्या मोटारीचा मागील आंस

जुन्या मोटारीचा मागील आंस घरच्या अंगणांत बदलणें म्हणजे पोरखेळ, असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. फोर्डची 'मॉडेल टी' घ्या. 1908 ते 1927 पर्यंत तिच्या दीड कोटि गाड्या निघाल्या. तिचा पायब्रेक चाकांस धरीत नाहीं. तो गिअरपेटींतील पट्टा आंवळतो व तो जोर मागील आंसांतूनच चाकांस पोहोंचतो. त्या आंसांत बॅबिट नामक मऊ धातूच्या चकत्या असतात. कालांतरानें त्यांचा भुगा होतो, चक्रांचे दांते एकमेकांपासून सुटतात, आणि ऐन उतारावर पायब्रेक निकामी! मागील चाकांचा दुबळा हातब्रेक तेवढा उरतो. अशा वेळीं कांशाच्या चकत्या घालण्यास, किंवा सबंध आंसच बदलण्यास, जुन्याचा अपमान कोण म्हणेल? मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं पालकांनीं मुलास शिरूं देऊं नये. खालीं भक्कम ठोकळे हवेत.

कमानीची गोष्ट निराळी. मागें आडवी बसविलेली ती एकच कमान (तिचा ताण असा कीं निसटली तर बोटें जातील) काढून आधुनिक धर्तीच्या स्प्रिंगा लावल्यास ती 'मॉडेल टी' उरली, असें आम्हांस वाटत नाहीं. पाटा मोडला असेल तर तसाच नवा घालावा.