दुबईत आधी खाडी, मग मॉल

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून समुद्र पाहायचा तर अर्धा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तालुक्यातून जाणारा हा रस्ता थेट मुंबईच्या वेशीला भिडला. आता इथले व्यापारी किंवा निवृत्त शिक्षक आखाती क्रूझची चौकशी करू लागले, तर नवल नाही. जावंच त्यांनी. आग्रह एवढाच, की जहाज बंदराला लागल्यावर हाताशी असलेले मोजके तास मॉलमध्ये घालवू नयेत.

दुबईचं पोर्ट रशीद 1972 मध्ये सुरू झालं. तिथून जुन्या खाडीचं तोंड जवळच आहे. बर दुबईच्या धक्क्यावर अब्रा, म्हणजे लाकडी होडी, लागलेली असते. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं, नावाड्याच्या हातात एक दिरहम ठेवायचा, की काही मिनिटांत पलीकडे देरा. तिथे गलबतं ओळीनं नांगरलेली असतात. टायर, फ्रीज, तांदळाची पोती, चहाची खोकी काठावर उघड्यावरच रचलेली दिसतात. हा माल इराणला, सोमालियाला जायचा असतो. हंगामात मालेगावच्या बाजार समितीत सोयाबीनच्या थप्प्या पाहिलेल्या माणसाला इथला व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

या खाडीचं मुंबईशी जुनं नातं आहे. पाणबुड्यांनी आखातातून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत. 1930 च्या आसपास जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडवला, पण मुंबईशी व्यापार चालूच राहिला. 1966 पर्यंत दुबईत रुपया चाले! त्या वर्षी भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा आखातातल्या राज्यांनी तो सोडला.

येमेनमधल्या एडनची गोष्ट तर याहून जवळची. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं घेतलेलं हे रखरखीत बंदर 1932 पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. म्हणूनच जन्मठेप झालेले क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांची रवानगी तिथल्या तुरुंगात झाली. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच मरण पावले. येमेनमधल्या युद्धामुळे आज पर्यटक तिकडे सहसा जात नाहीत. पण अरबी समुद्रावरून जाणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असायलाच हवं, आणि ते सांगण्याची जबाबदारी पर्यटन कंपन्यांनी उचलली पाहिजे.

दुबईच्या कार्यक्रमपत्रिकेत या कंपन्यांनी सकाळ खाडीसाठी राखावी. अल फहिदीच्या वातबुरुजांच्या गल्ल्या, शिंदघाचं संग्रहालय आणि अब्राची फेरी एवढं दुपारपर्यंत पाहून होतं. मॉल काय, रात्री उशिरापर्यंत उघडेच असतात.