आमच्या फुंकरीचा आकडा



रात्रपाळी करून लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या तर खुशाल काढा. अमेरिकेतल्या वैद्यकीच्या मोठ्या नियतकालिकांतही चुका काढायला पंडित बसलेले असतात. आकडा चुकला की लेख परत. त्यांच्याच पानांत १९३६ पासून एक प्रकरण छापून येत होतं, आणि मथळ्यातच चक्क लिहिलेलं : निग्रो पुरुष, उपदंश, उपचाराविना. लपवलं काय? काहीच नाही!

अलाबामातल्या मेकन काउंटीतले हे काळे पुरुष, बहुतेक वाट्यानं शेती करणारे. सरकारी आरोग्य खात्यानं १९३२ साली ३९९ रोगी आणि २०१ बिनरोगी माणसं निवडली. सांगितलं, तुमचं रक्त खराब हाय. कण्यात सुई खुपसली आणि म्हणाले, हा खास फुकट उपचार. मेल्यावर मढं चिरू द्या, पुरायला ५० डॉलर देतो. १९४७ पर्यंत पेनिसिलीन रुळलं होतं. यांना दिलं नाही. रोग माणसाला कसा खात जातो, ते शेवटपर्यंत बघायचं होतं ना!

१९६४ साली तीस वर्षांच्या निरीक्षणाचा लेख आला. रकाने सरळ, तक्ते नीट. संपादकानं छापला. आयर्विन शॅट्झ नावाच्या डॉक्टरनं तो वाचून १९६५ साली जाब विचारणारं पत्र धाडलं. पत्र फायलीत गेलं. पुढं पीटर बक्स्टननं खात्यात आवाज उठवला, कुणी ऐकेना, मग पत्रकाराला गाठलं. जुलै १९७२ ला बोंब झाली. त्याच साली इकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे ३६ वर्षं हा गुन्हा ग्रंथालयांत उघडा पडून होता आणि शिकलेली माणसं तो वाचत होती. नियम मोडून केलेलं संशोधन छापायला घेऊ नये, हे वाक्य हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात आलं १९७५ साली. मढी पुरून झाल्यावर.

आता माझं ऐका. आमच्या सूतगिरणीत एका कॉलेजचे डॉक्टर आले. नळीत फुंकायला लावलं. इंग्रजी कागदावर सह्या, अंगठे. मी विचारलं, साहेब, काय लिवलंय? तर म्हणे, तुमच्या भल्याचंच आहे. कार्डिंग खात्यातले एक मामा सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर आले की छाती धरून बसतात. कापसाच्या धुळीचा रोग असाच असतो, हे मी नंतर वाचून काढलं. डॉक्टर परत आलेच नाहीत. त्यांच्या लेखात मात्र एक ओळ असणार : सहभागी व्यक्तींची संमती घेतली आहे. संपादक तेवढी ओळ बघतो आणि निवांत झोपतो. ती संमती कुणाची, कुठल्या भाषेत, हे गिरणीच्या गेटवर येऊन कोण विचारतो?

आणि पीएचडीवाल्या दोस्तांनो, तुम्हीही टेपा घेऊन आमच्या वस्तीत येता. आपली माणसं म्हणून चहा पाजतो. छापलेलं कधी वाचून दाखवलंत? नाव तुमचं, बढती तुमची. आमच्या आया रडल्या ते तळटिपेत. राग आला तर येऊ द्या.

माझ्या फुंकरीचा आकडा कुठल्यातरी तक्त्यात आहे. मला तो मराठीत पाहिजे. मामांचा आधी द्या. त्यांना अजून कार्डिंगमध्येच ठेवलंय.