पडद्यावरचे कापड, पेठेतले कापड

व्यापाराच्या या पानावर सूत, ताका, कर आणि उधारी यांपलीकडचा विषय सहसा येत नाही आणि ते ठीकच आहे. तरीही या खेपेस आम्ही चित्रपटांवर लिहीत आहोत. कारण एकट्या २०२५ सालात आपल्या धंद्याशी थेट नाते सांगणारे तीन चित्रपट पडद्यावर आले आणि आमच्या बीड जिल्ह्याच्या पेठेत त्यांची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. तालुक्याच्या गावांतल्या टॉकीज एकेक करून बंद झाल्या, त्यामुळे हल्ली चित्रपट पाहणे म्हणजे रात्री दुकान वाढवल्यावर मुलाचा मोबाईल मागून घेणे. आम्हीही बहुतेक असेच पाहिले. आम्ही समीक्षक नव्हे. कॅमेरा कोठे ठेवला होता हे आम्हाला कळत नाही, पण पडद्यावरच्या माणसाच्या अंगातले कापड काय भावाचे आहे हे कळते. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

पहिला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. मालेगावच्या नासिर शेख यांची ही खरी हकीकत. हा गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवणारा. मोठ्या शहराकडे न जाता, गावातल्याच दोस्तांना घेऊन त्याने 'मालेगाव के शोले' बनवला, तोही सुमारे ५० हजार रुपयांत. मूळ चित्रपटात आगगाडी आहे, याच्याकडे बस. तिकडे डाकू घोड्यावर, इकडे सायकलवर. आमच्या बीडकरांना यात हसण्यासारखे काही वाटू नये. बीड शहरात आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. तोपर्यंत आपलाही सगळा शोले एस.टी.वरच चालला होता!

मालेगाव म्हटले की आम्हा कापडवाल्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग येतो. तेथे मागांना जुम्म्याची सुट्टी असते आणि त्या दिवशी कामगाराची पावले सिनेमाकडे वळतात. मालेगावचे बरेचसे कापड कोरे विकले जाते. पुढे बालोतरा, पाली, जेतपूर अशा ठिकाणी त्यावर रंगाई-छपाई होते आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडते तेव्हा शिक्का दुसऱ्याचाच असतो. विणले कोणी, हे शेवटच्या विक्रेत्यालाही ठाऊक नसते. या चित्रपटातली माणसे नेमके हेच दुखणे घेऊन उभी आहेत. मेहनत आपली आणि नाव दुसऱ्याचे, हे किती दिवस चालायचे? फरोग नावाचा लेखक त्यासाठी मुंबई गाठतो आणि हात हलवत परत येतो. विनीत कुमार सिंग याने हे काम असे केले आहे की, त्याचा उतरलेला चेहरा आम्हाला ओळखीचा वाटला. असा चेहरा घेऊन नमुन्याची पेटी बंद करणारे कारागीर आम्ही मोठ्या पेढ्यांच्या पायऱ्यांवर पाहिलेले आहेत.

शफीक हे दुसरे पात्र आम्हाला त्याहून मोठे वाटते. खरा शफीक मागावर काम करणारा, अंगाने किडकिडीत. नासिरने त्यालाच 'मालेगाव का सुपरमॅन' केले. या सगळ्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आहे. आमची शिफारस अशी की वाचकांनी तो आधी पाहावा आणि नवा चित्रपट नंतर. माहितीपटात सुपरमॅनच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे आणि तो उडतो आहे असे दाखवायला मालमोटारीच्या अंगाला हिरवे कापड ताणून बांधले आहे. लाखो रुपयांच्या यंत्रांनी होणारे काम काही वार हिरव्या कापडावर! धंद्यात ज्याला आपण 'चालवून घेणे' म्हणतो त्याची याहून चांगली मिसाल आम्हाला दुसरी माहीत नाही. माहितीपट २०१२ साली चित्रपटगृहांत लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. तंबाखूने गेला. त्याला तोंडाचा कर्करोग झाला होता. मागाच्या खटखटाटात बारा-बारा तास उभा राहणारा माणूस झोप मारण्यासाठी तोंडात काय टाकतो, हे आपल्या कारखानदार बांधवांना सांगायला नको. नव्या चित्रपटाने हे दुःख सुबक करून दाखवले आहे, गाणीही गोड आहेत. पण मागाजवळची उडती रुई, कामगाराच्या पापण्यांवर बसणारा तो पांढरा थर, त्यात पुरेसा नाही. मागाचे घर फार स्वच्छ दिसते. आमची एवढी तक्रार नोंदवून ठेवतो.

आणखी एक व्यापारी शेरा. या दोस्तांत पुढे फूट पडते. पहिला खेळ चालला आणि नाव कोणाचे, पैसा कोणाचा, हा हिशेब निघाला. लिखापढी काहीच नव्हती. चार दोस्तांनी भांडवल आणि मेहनत एकत्र केली तर पहिल्या दिवशी कागद व्हायला हवा, हे आम्ही याच पानावर पूर्वी सांगितले असते तर वाचकांनी जांभई दिली असती. चित्रपटाने ते दोन तासांत पटवले.

आता 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा हा मराठी चित्रपट २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात पारितोषिक घेऊन आला आणि आपल्याकडे ७ मार्च २०२५ रोजी लागला. गाव चंद्रपूरकडचे, बोली वऱ्हाडी. आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना दोन-चार शब्द विचारून घ्यावे लागले. पण बाप कापसाचा शेतकरी आहे म्हटल्यावर उरलेले आपोआप कळले. सविता नावाची मुलगी, तिला शिकायचे आहे, परीक्षा द्यायच्या आहेत. दर वेळी नवे स्थळ येते, तेच पोहे, तेच पाट, तेच प्रश्न. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, छंद कोणता. मग निरोप येतो की मुलगी काळी आहे, उंचीला कमी आहे. तिकडे बापाचा कापूस घरात पडून आहे, कारण भाव नाही.

वाचकहो, कापूस पडून आहे आणि मुलगी लग्नाची आहे, ही दोन वाक्ये एकत्र ऐकली की आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कापड दुकानदाराला पुढची तीन वाक्ये तोंडपाठ असतात. गेवराई, माजलगाव, वडवणीकडचा शेतकरी बस्ता बांधायला येतो तेव्हा आम्ही त्याच्या घरची परिस्थिती बँकेच्या साहेबापेक्षा चांगली ओळखतो. वरमाईची साडी पहिल्यांदा काढायला सांगतात आणि नवरीची शेवटी. मानपानाच्या साड्यांची यादी वरपक्षाकडून येते, ती हातात धरून मुलीचा बाप मनातल्या मनात बेरीज करत असतो. मुलीला काय आवडले हे गाठोडे बांधेपर्यंत कोणी विचारलेले नसते. 'स्थळ' बस्त्यापर्यंत जात नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो. पण आमच्या मते तो आमच्या गादीवरच घडतो आहे. आणि हे फक्त एका समाजाचे चित्र आहे असे समजून कोणी मान डोलावू नये. आपल्याकडे पोह्यांच्या जागी शरबत असते, पाटाच्या जागी पलंग. मुलीच्या रंगावरून परतलेले पैगाम आणि मुलाकडच्यांच्या मागण्या यांची आपली वही काही कोरी नाही. दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांचे माप आमच्याकडेच घेतले जाते, म्हणून हे बोलायचे धाडस करतो.

चित्रपट थोडा संथ आहे. तेच ते पुन्हा दाखवतो अशी तक्रार आमच्या घरच्या मंडळींनी केली. आमचे मत उलट आहे. ज्या मुलीला पाचव्यांदा त्याच पाटावर बसवतात तिलाही ते तेच तेच वाटत असणार.

तिसरा 'होमबाउंड'. नीरज घेवान यांचा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी लागला आणि भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. ते दिवस आमच्याकडे चित्रपट पाहण्याचे नव्हते. सप्टेंबरच्या त्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत मराठवाड्यात नद्या गावांत शिरल्या, सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला आणि दसऱ्याची पेठ सुनी गेली. उचल घेऊन कारखान्याला निघणारा ऊसतोड मजूर एरवी निघण्याआधी पोरांना कपडे घेतो, तोही हात आखडून उभा होता. म्हणून हा चित्रपट आम्ही नंतर घरी पाहिला.

शोएब आणि चंदन हे उत्तरेकडच्या एका खेड्यातले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलिसात भरती व्हायचे आहे, कारण वर्दी अंगावर आली की लोक नावापलीकडे काही विचारणार नाहीत, अशी त्यांची समजूत. निकाल लागत नाही, घरची गरज थांबत नाही, आणि शेवटी दोघे सुरतेच्या कापड गिरणीत येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी होते. परतीच्या वाटेवर मालमोटारीत एकाला ताप भरतो, बाकीचे त्याला उतरवायला लावतात आणि दुसरा त्याच्यासोबत उतरतो. ही कथा मनाने रचलेली नाही. रस्त्याच्या कडेला आजारी मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या तरुणाचे छायाचित्र मे २०२० मध्ये देशभर फिरले होते. त्यावर बशारत पीर यांनी अमेरिकेच्या एका वृत्तपत्रात लेख लिहिला, त्यातून हा चित्रपट निघाला.

सुरत आमच्यासाठी परकी नाही. आमच्या जिल्ह्यातल्या दुकानांच्या फळ्यांवर जी साडी आहे, जो ड्रेसचा कपडा आहे, त्यातला मोठा हिस्सा रिंग रोडच्या मार्केटांतून येतो. आढतिया ओळखीचा, ट्रान्सपोर्टवाला ओळखीचा, गाठीवरचा नंबरही पाठ. फक्त विणणारा आणि घडी घालणारा ओळखीचा नाही. २०२० ची ईद दुकानांना कुलूप लावून गेली, लगनसराई बुडाली. तेव्हा पेठेत सगळ्या तोंडी एकच बोलणे होते की गाठी कोठे अडकल्या आणि हुंडीची मुदत कशी वाढवून घ्यायची. त्याच आठवड्यांत आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर बायकापोरांसह कारखान्यांवर अडकून पडले होते आणि सुरतेतून माणसे पायी निघाली होती. एका गाठीची दोन टोके. 'होमबाउंड' त्यातले दुसरे टोक दाखवतो. आमच्या मते गिरणीतला भाग आणखी पंधरा मिनिटे असायला हवा होता. तेथे पगार कसा मिळतो, खोलीत किती जण झोपतात, टाळेबंदीच्या दिवशी मुकादम काय म्हणाला, हे आम्हाला पाहायचे होते. दिग्दर्शकाचे मन दोस्तीत जास्त रमले. त्याला दोष देत नाही, दोस्ती त्याने खरी दाखवली आहे. शोएबला कचेरीत क्रिकेटच्या सामन्यावरून टोमणे ऐकावे लागतात, तेथे तो काही मोठे भाषण करत नाही. गप्प होतो. हे गप्प होणे बरोबर टिपले आहे.

याउलट 'सुई धागा'. हा जुना, २०१८ चा. मुलीने आग्रहाने लावून दिला. शिलाई मशीन घेऊन स्वतःचा धंदा उभारणारे नवरा-बायको ही कल्पना झकास आणि मोठी कंपनी त्यांचे डिझाईन हडपते हेही खरेच. पण शेवटी एक स्पर्धा होते, टाळ्या वाजतात आणि सगळे ठीक. आम्ही शेवटपर्यंत विचारत राहिलो की, कापड कोणी दिले, उधार की रोख, आणि पहिल्या ऑर्डरचा पैसा किती दिवसांनी आला? या प्रश्नांची उत्तरे न देता कोणताही दर्जी पडद्यावर श्रीमंत होऊ शकतो. प्रियदर्शन यांचा २००८ चा तमिळ 'कांचीवरम' असा लबाडपणा करत नाही. मुलीला लग्नात रेशमी साडी देण्यासाठी विणकर रोज तोंडात रेशमाचा धागा लपवून आणतो. रेशीम विणणाऱ्याच्या घरी रेशीम नाही. प्रकाश राज याला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो वाजवीच होता.

'गर्म हवा'बद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही दोनच वाक्ये लिहितो. लोक त्याला फाळणीचा चित्रपट म्हणतात. आमच्या लेखी १९७३ चा हा चित्रपट आग्र्याच्या एका जोड्यांच्या कारखानदाराला कर्ज का मिळत नाही याची गोष्ट आहे, आणि बलराज साहनी यांचा सलीम मिर्झा सावकाराच्या दारातून उतरतो तेव्हाची त्यांची चाल प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा पाहावी.

राहता राहिला तरुण मंडळींचा प्रश्न, की आमच्या दुकानाला चित्रपटांचा फायदा होतो का? होतो, पूर्वी जास्त होत असे. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला तेव्हा माधुरीची ती जांभळी साडी लगनसराईभर मागितली गेली, 'बंटी और बबली'नंतर कॉलरच्या कुर्त्या. तेव्हा एक चित्रपट सहा-सहा महिने माल चालवायचा. आता गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते, चित्र दाखवते, त्याच चित्रावर आणखी कोणीतरी घरपोच भाव लिहिलेला असतो, आणि तो आमच्या खरेदीपेक्षा कमी असतो. मात्र 'स्थळ'मधल्या सविताच्या अंगावरची साडी अजून कोणी मागितलेली नाही.