यंत्रमानवाचे बोट

यंत्रमानव म्हटले की एक तर सिनेमातला आठवतो, नाही तर मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा लोखंडी हात. दोन्ही आपल्या घरापासून लांब. पण घरातल्या टेबलावर तयार होणारा यंत्रमानवही आहे, आणि त्याचे आराखडे कुलपात ठेवलेले नाहीत.

फ्रान्समधील शिल्पकार गाएल लांजव्हँ यांनी २०१२ साली एका कृत्रिम हाताचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. पुढे त्याला दंड, डोके, धड जोडत माणसाएवढा यंत्रमानव उभा राहिला. त्याचे नाव इनमूव्ह. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देणाऱ्या थ्री-डी प्रिंटरवर त्याचे भाग छापतात. प्रत्येक भाग १२ सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात मावेल एवढाच ठेवला आहे, म्हणजे घरगुती प्रिंटर पुरतो. इनमूव्ह चालत नाही. पण मान वळवतो, हात हलवतो, वस्तू धरतो.

त्याचे बोट कसे वाकते? आपल्या मनगटात शिरा ताणल्या जातात, तसेच. बोटातून मासे पकडायच्या दोऱ्या जातात आणि कोपराखालच्या छोट्या सर्व्हो मोटारीच्या चाकाला बांधल्या जातात. चाक एका बाजूला फिरले की बोट मिटते, दुसऱ्या बाजूला फिरले की उघडते. किती अंश फिरायचे, हा हुकूम आर्डुइनो नावाची छोटी पाटी देते. ती २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिचेही आराखडे व आज्ञावली खुली आहे.

खुली म्हणजे काय? दुकानातले यंत्र बिघडले की आत काय आहे ते आपल्याला कळत नाही. इथे प्रत्येक हुकूम वाचता येतो, बदलता येतो, सुधारलेला दुसऱ्याला देता येतो. इनमूव्हच्या आराखड्यांना अट एवढीच, की मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि त्यावर धंदा करू नये.

आता खर्चाचे बोलू. पुऱ्या यंत्रमानवाला डझनावारी मोटारी आणि कित्येक महिने लागतात. मजुरीवर चालणाऱ्या घराला ते झेपणारे नाही, आणि त्यासाठी कर्ज काढण्यात शहाणपण नाही. पण एक बोट झेपते. पुठ्ठ्याच्या पट्टीला तीन घड्या घाला. घड्यांच्या मधे सरबताच्या नळीचे तुकडे चिकटवा. त्यांतून तंगूस ओवून टोकाला पक्का बांधा आणि ओढा. बोट वाकेल! पुढे एक सर्व्हो व एक पाटी आणावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतात. आर्डुइनोबरोबर येणारा 'स्वीप' हा तयार नमुना मोटर मागे-पुढे फिरवतो. त्यातला एक आकडा बदलून काय होते ते मुलांनी स्वतः पाहावे. मोटारीला वीज वेगळ्या बॅटरीतून द्यावी; घरातल्या प्लगशी खेळ नको.

पालकांनो, उद्याच्या कारखान्यात अशी यंत्रे वाढणार. त्यांच्यापुढे नुसते बटण दाबणारा एक असेल आणि ती उघडून दुरुस्त करणारा दुसरा. दुसऱ्याची मजुरी वेगळी आणि मानही वेगळा. म्हणून मुलाने किंवा मुलीने जुना रेडिओ उघडला तर ओरडू नका. स्क्रू ठेवायला एक वाटी द्या.