डिझाइनच्या मुलांना तक्रारवही दाखवा

तुमचा पंपांचा कारखाना असेल, पतसंस्था असेल, दवाखाना असेल किंवा मिक्सर-गिझर दुरुस्तीचं सर्व्हिस सेंटर असेल, तर हे मागणं तुमच्याकडे आहे. प्रॉडक्ट डिझाइन शिकणारी मुलंमुली आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. पवईच्या आयआयटीतलं डिझाइनचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, आणि आज एकट्या पुण्यात असे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अनेक संस्था आहेत. ही मुलं वस्तू छान घडवतात. पण वस्तू विकली गेल्यावर गिऱ्हाइकाचं काय होतं, हे त्यांना वर्गात बसून कळणार नाही. त्यासाठी त्यांना तुमच्याकडे यावं लागतं. त्यांना येऊ द्या.

सौर कृषी पंपाचंच बघा. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी किमतीचे १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातींतला ५ टक्के. पुरवठादार तो स्वतः निवडतो आणि ५ वर्षं दुरुस्तीची हमी असते. कागदावर सगळं चोख. पण ऑनलाइन अर्ज त्याला भरून कोण देतं? पाहणीला माणूस येतो तेव्हा शेतकरी शेतावर असतो का? पॅनेलवरची धूळ पुसायची असते, हे त्याला कुणी सांगितलंय का? ऐन रब्बीत मोटर बंद पडली तर फोन कुणाला लावायचा, आणि लागला तर बिघाड सांगायचा कसा? मोटर कितीही उत्तम असली तरी गावात त्या कंपनीचं नाव राहणार की जाणार, हे या प्रश्नांवर ठरतं. त्यांची उत्तरं आधीच आखून ठेवणं म्हणजे सर्व्हिस डिझाइन.

या विषयातलं एक महत्त्वाचं हत्यार लिन शोस्टॅक या बँकेतल्या अधिकारी बाईंनी दिलं. १९८४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात त्यांनी साध्या बूटपॉलिशचा आराखडा मांडला. ब्रश मारायला ३० सेकंद, पॉलिश लावायला ३०, चकाकी आणायला ४५, पैसे घ्यायला १५. काम दोन मिनिटांचं, पण पाच मिनिटं लागली तरी गिऱ्हाईक चालवून घेईल. भलत्याच रंगाचं पॉलिश लागण्याचा धोका कुठे आहे, तिथे खूण केली आणि तसं झालंच तर ते पुसून काढायला ४५ सेकंद धरले. शिवाय एक रेघ ओढली: वर गिऱ्हाइकाला दिसतं ते, खाली न दिसणारं, म्हणजे सामान आणून ठेवण्यासारखी कामं. फलाटावर रोज बूटपॉलिश बघणाऱ्या मुंबईकराला यात फारसं नवल वाटणार नाही. पण असा आराखडा तुमच्या धंद्याचा करून बघा. रेघेखालचं अर्धं तुम्हालाही सांगता येणार नाही, ते तुमच्या स्टोअरकीपरला आणि मेकॅनिकला ठाऊक असतं.

म्हणून मुलं आली की त्यांना चहा-बिस्किटं देऊन कारखाना फिरवून आणू नका. तक्रारवही पुढ्यात ठेवा, नावं आणि फोन नंबर तेवढे झाका. काउंटरच्या आतल्या बाजूला त्यांना बसू द्या. मेकॅनिकच्या मोटरसायकलवर मागे बसवून पाठवा. मात्र त्याआधी कामगारांना स्वतः सांगा, की ही तपासणी नाही आणि कुणाच्या पगाराला धक्का लागणार नाही. हे मालकाच्या तोंडूनच यावं लागतं. ते आलं नाही, तर मुलांना सगळीकडे ‘सगळं ठीक आहे’ एवढंच ऐकू येतं. दवाखाना असेल तर रुग्णाच्या संमतीशिवाय कुणालाही जवळ उभं करू नका, मग प्रकल्प अडला तरी चालेल.

पहिल्या पंधरवड्यात ही मुलं बहुधा ॲप सुचवतील. सुचवू द्या, पण लगेच मान डोलावू नका. ज्याचा फोन शेतात लागत नाही, त्याचं काय, असं विचारा. कधी कधी पावतीच्या मागे तीन ओळी छापल्या आणि फोन उचलणाऱ्या बाईंना दोन प्रश्न नेमून दिले, तरी काम होतं. जे सुचेल ते एका काउंटरवर आठवडाभर चालवून बघा. फसलं तर मुलांना त्यातूनच जास्त शिकायला मिळेल, आणि तुमचं फार काही बिघडणार नाही.

यात फुकटची मजुरी शोधू नका. प्रवासाचा, छपाईचा, नमुने करण्याचा खर्च तुम्ही उचला. कल्पना कुणाची राहणार, ती तुम्ही वापरलीत तर मुलांना काय मिळणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. शेवटी लिहायला बसलात की भांडणं होतात. शिक्षकांनाही एक विनंती: गुण देताना पोस्टर किती देखणं झालं ते बाजूला ठेवा, आणि काउंटरवरच्या माणसाचं काम काय बदललं ते त्याच्याच तोंडून ऐका.

सत्रं साधारण जुलैत आणि जानेवारीत सुरू होतात. सत्र लागल्यावर फोन केलात तर उशीर झालेला असतो, मे महिन्यातच जवळच्या संस्थेशी बोला. बोलताना तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव द्या. तो असा असावा, की मुलांनी कुठलंही दार उघडायला सांगितलं तर त्याला वर विचारायला जावं लागणार नाही.