आधी ट्रायल, मग पाना

गणेश चवथ होऊन पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येतात : पुढून कटकट वाजते. गिऱ्हाईक घाईत असते, टॅक्सीवाल्याला मोपा विमानतळाचे भाडे चुकवायचे नसते, आणि आपल्यातले अनेक मेकॅनिक आवाज नीट ऐकण्याआधीच शॉकअपची जोडी मागवून मोकळे होतात. नवे शॉकअप बसतात, बिल होते आणि आठवडाभरात तीच गाडी तीच कटकट घेऊन दारात उभी राहते. पैसे गिऱ्हाइकाचे जातात, पत आपली जाते.

आपल्या दोन तालुक्यांत सस्पेन्शन लवकर का थकते, हे गाडीइतकेच रस्ता सांगतो. पेडण्यात महामार्ग 66 चे रुंदीकरण झाले, 5 जानेवारी 2023 पासून मोपाहून विमाने सुरू झाली आणि वर्दळ वाढली. मोरजी, मांद्रे, हरमलच्या बाजूला खारा वारा आहे. डिचोलीत मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या खाणी 2024 पासून पुन्हा सुरू होऊ लागल्या. खनिजाचे ट्रक फिरले की रस्त्याच्या कडा खचतात आणि पावसात लाल चिखल उडतो. शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बूट एकदा फाटला की हा चिखल दांड्यावर बसतो, प्रत्येक खड्ड्याला सील घासतो आणि तेल गळू लागते. किनाऱ्याकडच्या गाड्यांत स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा बशीत बसतो तिथे वाळू आणि खारे पाणी साचते, रंग उडतो, गंज धरतो. वेढा बहुधा तिथेच तुटतो. म्हणून पेडण्याच्या गाडीत स्प्रिंगची बशी आणि डिचोलीच्या गाडीत शॉकअपचा बूट आधी बघावा.

पण त्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून ट्रायल मारावी. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू चालताना टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. ब्रेक दाबताना किंवा गाडीने वेग घेताना एकच 'धप्प' आवाज आला तर लोअर आर्मचे बुश बघावेत. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ताण धरून 'टंग' करून सुटत असेल तर वरच्या माउंटचे बेअरिंग तपासावे. हेलकावे थांबत नसतील, टायरवरून हात फिरवताना उंचसखल लागत असेल, तेव्हाच शॉकअपकडे वळावे. नुसता ओलसर थर दिसला म्हणून शॉकअप बाद ठरत नाही. तेलाचा ओघळ उतरलेला असेल तर ठरतो.

मग गाडी जॅकवर घ्यावी, खाली स्टँड लावूनच. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे : खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा संशय पक्का. डावी-उजवीकडून हलवताना खेळ लागला तर टाय रॉड एंड बघावा. लिंक रॉड मात्र चाके लोंबकळत असताना ताणलेला राहतो आणि दोष लपवतो. तो गाडी चाकांवर उभी असतानाच हाताने हलवून बघावा.

बसवण्यातली एक चूक तर घरोघरी आहे. लोअर आर्मचे बुश बदलून बोल्ट हवेतच, चाक लोंबकळत असताना आवळले जातात. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, पण रबर आधीच्याच कोनात जखडलेले असते. ते कायम पिळलेले राहते आणि अकाली फाटते. मग दोष मालाला दिला जातो. बोल्ट हलके धरावेत, गाडीचे वजन चाकांवर आणावे आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेला ताण द्यावा. शॉकअप एकाच ॲक्सलवर जोडीने बदलावेत, आणि स्ट्रट किंवा आर्म उघडला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी सोडू नये. स्ट्रटच्या दांड्यावरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय कुणीही सैल करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावू शकतो.

आमचा आग्रह एवढाच आहे की जॉब कार्डवर तीन ओळी सक्तीने याव्यात : आवाज कुठे आणि कधी येतो, तपासणीत काय सापडले, काय बदलले. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, त्यातला खेळ त्याला हलवून दाखवावा. पेडणे आणि डिचोलीच्या आयटीआयमधून शिकाऊ पोरे आपल्याकडे येतात. त्यांना पहिल्या दिवशी पाना देण्याऐवजी ट्रायलला शेजारी बसवा आणि आवाज ओळखायला लावा. रस्ते सुधारणे आपल्या हातात नाही. पण विनाकारण बदललेला एकही शॉकअप आपल्या बिलावर येऊ न देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. या मोसमात ते करून दाखवूया.