आधी धुके, मग इतिहास

अंधाऱ्या कल्पित जगात खेळाडूंना नेण्यासाठी ज्या प्रस्तावना लिहिल्या जातात त्यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती आरंभीच मांडलेली बरी. या प्रस्तावना जे राखून ठेवायला हवे ते सांगून टाकतात आणि जे सांगायला हवे ते लपवतात. राजघराण्यांच्या वंशावळी, जुनी युद्धे, शापांच्या कुळकथा हे सारे खेळ सुरू होण्यापूर्वीच खेळाडूच्या हाती पडते; मात्र या जगात त्याच्यासमोर कोणत्या प्रकारचे भय येऊन उभे राहणार आहे, याविषयी एक अक्षरही उच्चारले जात नाही. हा प्रश्न निवेदनाच्या शास्त्राचा आहे, आणि थोडासा नीतीचाही आहे. हा अपराध आम्ही स्वतः केलेला आहे. तेव्हा पुढील टीका आमच्यावरही आहे असे समजूनच ती वाचावी.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जगाचे निवेदन करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतात आणि निर्णय घेतात. त्या निर्णयांची फळे पुष्कळदा फासे ठरवतात. निवेदन करणाऱ्यास तिकडे डंजन मास्टर म्हणतात. आम्ही त्याला येथे सूत्रधार म्हणणार आहोत, आणि हा शब्द आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. ‘हा पोरखेळ, त्यावर वाङ्मयीन चर्चा कसली?’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो: जेथे निवेदक आहे, श्रोता आहे, पात्रे आहेत आणि भयानक रसाची अपेक्षा आहे, तेथून वाङ्मयाच्या अध्यापकाने नजर का वळवावी?

आमचे उदाहरण ‘रेव्हनलॉफ्ट’चे आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेली या नावाची 32 पानांची पुस्तिका 1983 साली आली. बारोव्हिया नावाची धुक्याने वेढलेली दरी, तिच्यावर मान उंचावून उभा असलेला एक किल्ला आणि त्या किल्ल्यात राहणारा रक्तपिपासू सरदार स्ट्राड व्हॉन झारोव्हिच, एवढाच तिचा संसार. 1990 मध्ये ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी त्या एका किल्ल्याचे रूपांतर एका संपूर्ण जगात केले: प्रत्येक प्रदेशाला त्याचा एक शापित स्वामी, आणि प्रदेशाप्रदेशांमध्ये धुके. 2016 साली मूळ कथेचा विस्तार ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या 256 पानी ग्रंथात झाला. 32 पानांची 256 झाली याबद्दल आमची कुरकुर नाही. सूत्रधाराला ती पाने लागतात. कुरकुर आहे ती त्यांतील मजकूर खेळाडूंच्या पानात आधीच वाढून ठेवण्याच्या हौसेबद्दल.

ही हौस आम्ही भागवली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील पाच-सहा विद्यार्थ्यांनी हा खेळ मांडायचे ठरवले. ‘सर, मॅडम, नियमांचं इंग्रजी आम्ही बघून घेऊ, पण त्या जगाची ओळख तुम्ही मराठीत लिहून द्या,’ असे त्यांनी विनवले. आम्ही दोघांनी सुट्टीचे दोन आठवडे खर्चून अठरा पाने लिहिली. बारोव्हियाचा भूगोल, स्ट्राडचे पूर्वायुष्य, भावाच्या वाग्दत्त वधूवर जडलेला त्याचा जीव, भावाची हत्या, सारे क्रमवार आणि उपशीर्षकांसह. विद्यार्थ्यांनी ती पाने परीक्षेच्या टिपणांसारखी वाचली. खेळाच्या पहिल्या संध्याकाळी सूत्रधार झालेल्या मुलाने धुक्याचे वर्णन सुरू केले, तेव्हा एक जण शांतपणे म्हणाला, ‘हे पान चारवर आहे.’ सगळे हसले. भय तेथेच संपले.

याहून गंभीर गोष्ट तिसऱ्या बैठकीत घडली. या कथेत एक जुनी पवनचक्की आहे. (ज्यांना हा खेळ पुढे खेळायचा आहे त्यांची क्षमा मागून हे एक रहस्य फोडतो, लेखाच्या शेवटी त्याचे कारण पटेल.) तेथे चेटकिणी राहतात, आणि गावात त्या ज्या गोड पेस्ट्री विकतात त्यांच्या पिठात लहान मुलांची हाडे दळलेली असतात. हे उघड झाले तेव्हा एक विद्यार्थिनी उठली, वही मिटली आणि निघून गेली. ती पुन्हा खेळायला आली नाही. त्याच वर्षी तिच्या घरातले एक मूल गेले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या अठरा पानांत स्ट्राडच्या भावाचे नाव तीनदा आले होते. या कथेत मुलांचा बळी जातो, एवढे एक वाक्य मात्र कोठेही नव्हते.

येथे आम्हाला 1983च्या पुस्तिकेकडे परत जावेसे वाटते, कारण तिच्या कर्त्यांना प्रस्तावनेचे मर्म आमच्यापेक्षा चांगले उमगले होते. तेथे खेळाडूंच्या हाती प्रथम एक पत्र पडते: गावचा प्रमुख मदतीसाठी हाक मारतो आहे. ते बारोव्हियाच्या वाटेला लागतात, वेशीचे दरवाजे त्यांच्या पाठीमागे आपोआप मिटतात, आणि मग जंगलात एक प्रेत सापडते. त्याच्या मुठीत दुसरे पत्र असते. गावप्रमुखाचे खरे पत्र हेच. आणि त्यात विनवणी आहे ती येऊ नका अशी. पहिले पत्र बनावट होते. दोन कागदांत सारे जग उभे राहते: येथे आमंत्रण हाच सापळा आहे, खरे बोलणारा वाटेतच मरतो, आणि ज्याने बोलावले त्याला आपण अजून ओळखत नाही. याच पुस्तिकेत आणखी एक विलक्षण योजना आहे. पत्ते वाचून भविष्य सांगणारी एक स्त्री भेटते आणि ती काढते त्या पानांवरून महत्त्वाच्या वस्तूंची ठिकाणे ठरतातच, पण खलनायकाचा हेतूसुद्धा ठरतो. जेथे खलनायकाला काय हवे आहे हे प्रत्येक खेळात नव्याने ठरते, तेथे त्याचे चरित्र आधीच छापून वाटणारे आम्ही कोण?

आमच्या परंपरेतला सूत्रधार ही चूक करत नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’ची प्रस्तावना आठवावी. नटी ग्रीष्माचे गीत गाते. त्या गीताने सूत्रधार इतका हरवतो की आज कोणते नाटक करायचे आहे तेच तो विसरतो आणि नटीला त्याची आठवण करून द्यावी लागते. दुष्यंताची वंशावळ नाही, कण्वाच्या आश्रमाचा नकाशा नाही, दुर्वासाच्या शापाचा उल्लेख नाही. तरीही विस्मरण आणि स्मरण हे नाटकाचे सारे द्रव्य प्रेक्षकाने चाखलेले असते. प्रस्तावनेने माहिती द्यायची नसते. तिने चव द्यायची असते. हे आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो, आणि स्वतः प्रस्तावना लिहायची वेळ आली की अठरा पाने लिहितो!

यावर जगबांधणीच्या भक्तांचा एक आक्षेप असतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. त्या जगातच जन्मलेले पात्र वठवायचे तर त्या जगाविषयी काहीच ठाऊक नसून कसे चालेल? रेव्हनलॉफ्टपुरते याचे उत्तर खुद्द कथेतच आहे: पात्रे बाहेरून, धुक्यातून येतात, त्यांचे अज्ञान आणि खेळाडूंचे अज्ञान एकच असते. ते अज्ञान हेच या खेळाचे भांडवल. परंतु जेथे पात्र तिथलेच आहे तेथेही इतिहासाची गरज नसते. 1986 साली ब्रिटनमध्ये आलेला ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ पाहावा. त्यात खेळाडूच्या वाट्याला एखादा साधासुधा व्यवसाय येतो, उदाहरणार्थ उंदीर मारणाऱ्याचा; आणि त्याच्या सामानाच्या यादीत एक लहानसा पण दुष्ट कुत्रा असतो. त्या एका कुत्र्याने ते जग जितके कळते तितके सम्राटांच्या दहा पिढ्यांनी कळत नाही. उंदीर मारणाऱ्याला गटार ठाऊक असते, राजदरबार नव्हे. त्याला जेवढे ठाऊक तेवढेच खेळाडूला द्यावे, आणि त्यातलीही एखादी गोष्ट ऐकीव आणि खोटी असावी.

ऐकीव हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला, कारण प्रस्तावनेचा सर्वांत मोठा धोका तेथे दडला आहे. या खेळात सूत्रधार स्वतःच्या आवाजात जे सांगतो ते त्या जगाचे सत्य ठरते. त्याला खोडून काढणारा दुसरा आवाज नसतो. कादंबरीतील निवेदकावर वाचक संशय घेऊ शकतो, पण सूत्रधारावर संशय घेतला तर खेळच थांबतो. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’त हार्करचा प्रवास आगगाडीच्या वेळा आणि जेवणाच्या पदार्थांपासून सुरू होतो, भयाची पहिली चाहूल लागते ती एका म्हाताऱ्या स्त्रीने त्याच्या गळ्यात क्रूस घातला तेव्हा. त्या भूमीचा इतिहास नंतर येतो, आणि तो सरदार स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वंशाच्या मिजाशीत सांगतो. इतिहास कोणाच्या तोंडून यावा याचे स्टोकरला पक्के भान होते.

हे भान सुटले की काय होते, ते रेव्हनलॉफ्टमधल्या व्हिस्तानी या भटक्या लोकांच्या बाबतीत दिसले. तांडे करून फिरणारे, भविष्य सांगणारे, सरदाराचे हस्तक असे त्यांचे चित्र होते, आणि ते युरोपातील रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर बेतलेले होते. 2020 साली प्रकाशकांनीच ही चूक मान्य केली आणि नव्या आवृत्तीत मजकूर बदलला. त्या चित्राचा दोष आम्ही आमच्या अठरा पानांत इमानाने उतरवला होता: ‘व्हिस्तानी हे विश्वासघातकी भटके लोक होत.’ हे वाक्य एखाद्या घाबरलेल्या गावकऱ्याच्या तोंडी असते तर तो त्या गावकऱ्याचा पूर्वग्रह ठरला असता आणि खेळाडूंना तो पारखून घेता आला असता. आम्ही ते आमच्या आवाजात लिहिले. 1871च्या कायद्याने ज्या देशात संबंध जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि जेथे तो 1952 साली पुसला गेल्यावरही समाजाच्या मनातून गेला नाही, त्या देशात, ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ शिकवणाऱ्या आम्ही हे वाक्य लिहिले. याची लाज वाटते.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांचे म्हणणे असे की भयकथेत काहीच आधी सांगू नये. सांगितले की धक्का गेला. ही समजूत भय आणि धक्का यांच्यातील, अथवा आपल्या परिभाषेत भयानक आणि बीभत्स यांच्यातील, भेद न कळल्याने होते. पवनचक्कीत काय आहे हे सांगू नका. पण या कथेत लहान मुलांना इजा होते, हे सांगा. पहिले रहस्य आहे, दुसरा करार आहे. खेळणाऱ्यांनाही हे फार पूर्वी उमगले आहे. रॉन एडवर्ड्स यांनी 2003 साली काही विषय खेळात मुळीच आणायचे नाहीत आणि काहींवर पडदा पाडून पुढे जायचे, असा भेद मांडला. जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी 2013 च्या सुमारास टेबलावर फुली असलेले एक कार्ड ठेवण्याची प्रथा सुरू केली. कोणीही कारण न देता त्याला स्पर्श करावा आणि तो प्रसंग वगळला जावा. रेव्हनलॉफ्टच्या 2021 सालच्या ग्रंथात तर खेळापूर्वी सर्वांनी बसून याविषयी बोलावे, असा सविस्तर सल्ला आहे. ज्याला आपण सुरक्षित आहोत हे ठाऊक असते तोच स्वखुशीने घाबरायला तयार होतो. बाकीचे केवळ दुखावले जातात, आणि दुखावण्याला रस म्हणत नाहीत.

आमच्या व्यवसायबंधूंना हे सारे दूरचे वाटत असेल, तर त्यांनी आपल्या वर्गाकडे पाहावे. कादंबरी उघडण्याआधी आपण लेखकाचा जन्म, कालखंड, प्रवाह, प्रभाव आणि ठळक वैशिष्ट्ये उतरवून देतो. विद्यार्थी पहिल्या पानावर पोहोचतो तेव्हा त्याला शेवटही ठाऊक असतो आणि त्यावरील पाच गुणांचे उत्तरही. मात्र हे पुस्तक कोणत्या जखमेला हात घालणार आहे, आणि ती जखम तिसऱ्या बाकावर बसलेल्या कोणाची तरी असू शकेल, याचा आपण विचारही करत नाही. आम्ही अठरा पाने लिहिली ती याच सवयीने.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने तीच मागणी केली. या वेळी आम्ही अर्धे पान लिहिले. त्यातल्या पहिल्या परिच्छेदात साधी यादी होती: या कथेत मुलांना इजा होते, माणसांची मने ताब्यात घेतली जातात, एक पुरुष एका स्त्रीचा पाठलाग सोडत नाही, यांतले ज्याला जे नको असेल त्याने ते आताच किंवा खेळताना केव्हाही सांगावे, कारण विचारले जाणार नाही. दुसऱ्या परिच्छेदात एवढेच होते की तुम्हाला एक पत्र आले आहे आणि वाटेवर धुके आहे. स्ट्राडचे नाव कोठेही नव्हते. मुले चार महिने खेळली, आणि त्याचे नाव त्यांनी प्रथम एका गावकरणीच्या कुजबुजीतून ऐकले तेव्हा, सूत्रधाराच्या सांगण्यानुसार, कोणीही हसले नाही.

वही मिटून गेलेली ती विद्यार्थिनी मात्र तोवर पदवी घेऊन निघून गेली होती. ते अर्धे पान तिच्या आधी लिहायला हवे होते.